बैल थांबले ती जागा

माघ लागला की मी वर बघत चालते आणि ठेचकाळते. यंदाही अंगठ्याचं नख गेलं. शिदोरीची टोपली डोक्यावर घेऊन तळ्याकडच्या पडीतातून चालले होते आणि वरून ती ओळखीची शीळ आली. लांब, बारीक, उंचावरून घसरत खाली येणारी. मान आपोआप वर गेली, टोपली मागं कलली, टोपली सावरायला गेले तर पाय शेताच्या बांधावर, धुऱ्यावर आपटला. "मेल्या!" म्हणून मी ओरडले. त्याला काय त्याचं! तो तोवर पुन्हा वर निघाला होता.

मुठीत मावेल एवढा पक्षी. शाळेतल्या बाई म्हणतात, पुस्तकात त्याचं नाव डोंबारी चंडोल असं आहे. आमच्याकडे त्याला कुणी नावच दिलेलं नव्हतं. सासूबाई त्याला 'थो बिनकामाचा' म्हणत. नर पोटाखालून काळाकुट्ट, चुलीत तोंड घालून आल्यासारखा. पंख फडफडवत सरळ वर जातो, खूप वर गेला की एकदम पंख मिटतो आणि दगडासारखा खाली सुटतो. पडताना ती शीळ. आता आपटला, आता मेला, असं म्हणेपर्यंत जमिनीच्या जरा वरच सावरतो आणि पुन्हा वर. चार-पाच वेळा हा तमाशा करून झाला की एखाद्या ढेकळावर येऊन बसतो आणि इकडे तिकडे बघतो. कुणी पाहिलं का, असं विचारल्यासारखं.

बायको बिचारी मातीच्या रंगाची. मातीत बसली की माती. तुम्ही अगदी पायाखाली घ्याल तेव्हा उठेल आणि चार हात पुढं जाऊन चुरूचुरू पळेल. हिचं घर झाडावर नाही, झुडपातही नाही. बैलाच्या खुरात! कार्तिकात ओल्या जमिनीत बैलाचा पाय रुततो, माघापर्यंत ती खूण वाळून कडक वाटी होते. त्या वाटीत ही गवताच्या काड्या, मुळ्या, केस घालते, काठाला बारीक खडे मांडते आणि अंडी घालून बसते. सासूबाईंना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "इतकं आभाळ पडलं हाय अन् घर केलं त कुठं, बैलाच्या पायात. अक्कल हाय का नाई इले?"

मी तेव्हा या घरात नवी होते. सिहोऱ्याकडची पोर, सानगडीच्या अलीकडच्या या गावात देऊन टाकलेली. लग्नाआधी गाव पाहिलं नव्हतं, घर पाहिलं नव्हतं, नवरा एकदा पाहिला होता तोही खाली मान घालून. मला त्या चिमणीचा मोठा कळवळा आला. जागा निवडायला मिळत नाही म्हणून काय कुणी घर करायचं सोडतं? मिळाली ती खूण आपली म्हणायची, काठाला खडे लावायचे आणि बसायचं. हे मी मनात म्हटलं. सासूबाईंना म्हणाले, "हो ना जी, अक्कलच नाई."

आता हे सगळं मला दाखवलं कुणी, तर केवळरामभाऊजींनी. माझे दीर.

केवळरामभाऊजी म्हणजे तिशीला टेकलेला, अंगानं धिप्पाड, आणि माणसांशी न बोलणारा माणूस. मुका नव्हता हो! गोठ्यात जाऊन ऐकावं. चांद्या आणि भुऱ्या या आपल्या दोन बैलांशी सकाळपासून जे सुरू व्हायचं! "का गा चांद्या, रातभर झोप नाई झाली काय? भुऱ्या, तू काहून रुसून राहिला? त्याले ढेप जादा देल्ली म्हनून?" आणि तोच माणूस घरात जेवायला बसला की 'हो' आणि 'नको' यापलीकडे शब्द नाही. दोन-तीन ठिकाणी मुली पाहून झाल्या होत्या. एका ठिकाणी मुलीच्या मामानं विचारलं, "काय करता जी तुमी?" तर हे म्हणाले, "बैल." पुढं काही बोललेच नाहीत. मुलीकडचे उठून गेले. दुसऱ्या ठिकाणी मुलीनं सुपारी पुढं केली तर हे तिच्या मागच्या गोठ्यातल्या गोऱ्ह्याकडे बघत बसले आणि निघताना त्या गोऱ्ह्याचे दात पाहून आले. तिथूनही नकार आला. सासूबाई रडायच्या. "माहा पोरगा बिनबायकोचा मरते," म्हणायच्या.

त्या वर्षी मात्र एक स्थळ चालून आलं. लाखांदूरकडचे श्रावणजी. स्वतः एकेकाळचे धुरकरी. आमच्याकडे सुगी आटोपली की गावोगाव शंकरपट भरतात. बैलांच्या दोन जोड्या शेजारी शेजारी सोडायच्या, मागं हलका छकडा, छकड्यावर बैल हाकणारा धुरकरी, आणि पल्याडच्या लाल झेंडीपाशी आधी पोचेल तो जिंकला. दिवसा पट आणि रात्री नाटक. पटाच्या निमित्तानं घरोघर पाहुणे भरतात, आणि पाहुणे आले की सोयरिकी जुळतात. कित्येकींची लग्नं पटानंच जमवली असतील. तर या श्रावणजींना बैलांचं वेड आणि त्यांचा निरोप मोठा ठसक्याचा होता. "पोरगा मागून पाहू. आधी जोडी पाहू. जोडी नंबरात आली त पोरगी तुमची."

सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. आमचे हे म्हणाले, "आता झालंच समजा. केवळची जोडी या भागात कोनाले ऐकते?" आणि खरंच होतं ते. चांद्या-भुऱ्या सुटले की माती मागं राहायची. आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींना बोलायची गरज नव्हती, बैलच त्यांच्या वतीनं बोलणार होते.

पट तळ्याकाठच्या पडीतात. कमिटीनं शेजारी शेजारी दोन वाटा सारख्या केल्या, दोन्हींच्या मध्ये कोरडी, खडबडीत पट्टी तशीच सोडली. कमिटीचे अध्यक्ष डोमाजी, मिशीवाले, नारळ फोडून जागेची पूजा करून मोकळे झाले. भाऊजी रोज संध्याकाळी जोडी घेऊन तिथं सरावाला जायचे.

एक दिवस ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "वैनी, लाल फडकं हाय?"

"कायले जी?"

"लागते."

माझ्या एका विटक्या चोळीची बाही फाडून दिली. दुसऱ्या दिवशी मात्र मला राहवेना. गोवऱ्यांचं निमित्त करून मागं मागं गेले. बघते तर काय, भाऊजी छकडा उधळत निघाले, बैल सुसाट, आणि शेवटच्या झेंडीची जागा जेमतेम पंधरा-वीस पावलं पुढं राहिली असेल तिथं त्यांनी कासरा ओढला. "हो... हो... बस गा, बस." बैल थांबले. भाऊजी उतरले आणि मधल्या पट्टीत पोटावर पालथे पडले. मी म्हटलं, झालं! बायको मिळेना म्हणून गेला डोक्यानं.

धावत गेले. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मधल्या पट्टीच्या अगदी काठावर, वाटेला लागून, एक खूर उमटलेला. त्यात ती वाटी. वाटीत दोन अंडी, मळकट पांढरी, तपकिरी ठिपक्यांची. जवळच एक काठी रोवलेली आणि काठीला माझी बाही.

"हे पाहा वैनी," भाऊजी कुजबुजले, "अंदरचे केस. भुऱ्याच्या शेपटीचे हायेत."

काय अभिमान होता त्या आवाजात! नातवंड झाल्यासारखा. मग त्या दिवशी ते माझ्याशी जेवढं बोलले तेवढं माझं लग्न झाल्यापासून बोलले नव्हते. नर कसा उडतो, मादी कशी पळते, ऊन तापलं की ती अंड्यांवर पंख कसे सैल सोडून बसते. "अन् वैनी, नर बी बसते अंड्यावर. आळीपाळीनं."

"मंग तुमच्या भावाले आना इथं एकदा," मी म्हटलं. "दाखवा त्यायले."

भाऊजी पहिल्यांदाच माझ्यासमोर हसले. मोठ्यानं हसले आणि मग चिमणी दचकेल म्हणून तोंडावर हात ठेवला.

त्यांनी डोमाजींना विनंतीही करून पाहिली होती. त्यांच्याच्यानं एवढी वाक्यं कशी झाली देव जाणे. वाट जराशी पलीकडे सरकवता येईल का, चिमणीचं खोपं हाय, म्हणून. डोमाजी म्हणाले, "नारळ फुटला, पूजा झाली. आता पट सरकत नाई."

"पन डोमाजी, खोपं..."

"मंग चिमणीले सांग सरकाले!"

सगळी कमिटी हसली. भाऊजी परत आले आणि माझ्याकडे फडकं मागितलं. लाल झेंडी दिसली की धुरकरी तेवढ्यापुरता बैल बाजूला घेईल, एवढाच साधा हिशेब. रोजचा क्रम मग ठरला. जोडी सोडायची, काठीपाशी थांबवायची, उतरायचं, पालथं पडायचं, "हायेत, दोन्ही हायेत" असं बैलांना सांगायचं आणि मग उरलेली धाव पुरी करायची. बैलही मान वळवून बघायचे. मला तर वाटायचं त्यांनाही अंड्यांची काळजी लागलीय. या कौतुकात पुढं काय वाढून ठेवलंय ते माझ्या ध्यानात आलं नाही आणि त्यांच्याही नाही. बैल शिकवायला बसलेल्या माणसाला, आपण त्यांना नेमकं काय शिकवतोय हे कुठं दिसतं?

पटाच्या दिवशी श्रावणजी एसटीनं आले. कडक धोतर, पांढरी टोपी, आणि खांद्यावर नवाकोरा पांढरा दुपट्टा. सोबत मुलगी, पंचफुला. ती म्हणे नाटक पाहायला आली होती. तिला कुणी 'मुलगी दाखवायला आणली' म्हणू नये म्हणून ही सोय. सासूबाईंनी तिला माझ्या हवाली केलं आणि ती पोरगी पडीतात पोचताच रिकाम्या बैलबंडीवर चढून उभी राहिली. मी म्हटलं, "अवं बस खाली, लोकं पायतेत." ती म्हणाली, "पाहू द्या ना जी. मी बी त पाहूनच राहिली."

मला ती तिथंच आवडली. तिनं विचारलं, "थे मंधात काठीले लाल फडकं कायचं हाय?" मी सगळं सांगून टाकलं. खोपं, अंडी, भुऱ्याच्या शेपटीचे केस, रोजचं थांबणं, पालथं पडणं. ती डोळ्यांवर हात धरून काठीकडे बघत राहिली. वर तो बिनकामाचा आपला तमाशा करत होता. खाली एवढी गर्दी, डफडी वाजताहेत, भोंगा ओरडतोय, आणि हा मात्र कुणी आपल्यासाठीच पट भरवला आहे अशा थाटात वरून खाली उड्या घेत होता.

आणि घोळ झाला तो माझ्या माहेरकडच्या माणसानं केला. सिहोऱ्याची जोडी पुढं होती, चांगली पुढं. धुरकऱ्याला समोर लाल झेंडी दिसली. त्याला वाटलं, पोचलो! त्यानं कासरा ओढला, छकड्यावर उभा राहून दोन्ही हात वर केले आणि गर्दीला नमस्कार केला. तो नमस्कार करत असताना शेजारची जोडी त्याच्या बाजूनं निघून खऱ्या झेंडीपाशी पोचली. मग काय विचारता! सिहोऱ्याची सगळी माणसं वाटेवर उतरली. "दोन-दोन झेंड्या कायले लावता बे? फसवाले बलावलं काय आमाले?" डोमाजींच्या मिशा थरथरू लागल्या. त्यांनी दोन्ही जोड्या पुन्हा सोडायचं कबूल केलं आणि स्वतः जाऊन ती काठी उपटली, फडक्यासकट तळ्याकडे भिरकावली.

मी भाऊजींकडे पाहिलं. ते छकड्यापाशी उभे होते. चेहरा राखेसारखा. आता कोणत्याही जोडीचा पाय त्या वाटीत पडू शकत होता आणि ती जागा ओळखायची खूण राहिली नव्हती. सिहोऱ्याची जोडी पुन्हा धावली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. पंचफुलेनं माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. "वाचलं," ती म्हणाली. "जराशी बाजूनं गेली."

पुढची जोडी भाऊजींची होती.

एकीकडे बायको, एकीकडे खोपं. जिंकले तर पंचफुला घरात येणार. जिंकायला सरळ सुसाट जायला हवं, आणि सरळ गेलं तर काठावरची ती वाटी चाकाखाली. भोंग्यावरून नाव पुकारलं. श्रावणजी पुढं येऊन उभे राहिले. डफडं वाजलं. जोडी सुटली.

अहाहा! काय सुटली! शेजारची जोडी पाहता पाहता मागं पडली. श्रावणजी टाचा उचलून ओरडत होते, "वा रे जोडी! अरे वा रे माह्या राजा!" सासूबाईंनी तिथूनच देवाला हात जोडले. चांद्याच्या नाकपुड्या फुललेल्या, भुऱ्याची शेपटी सरळ, भाऊजी छकड्यावर वाकलेले. शेवटची झेंडी समोर. आता पोचलेच.

आणि बैल थांबले.

कुणी कासरा ओढला नाही, कुणी आवाज दिला नाही, काठी नाही, फडकं नाही. चारी पाय रोवून दोघं एकदम थांबले. भाऊजी मात्र थांबले नाहीत. ते छकड्यावरून उडाले, भुऱ्याच्या पाठीवरून कडेला गेले आणि मधल्या पट्टीत पोटावर, रोजच्यासारखे, पालथे पडले. शेजारची जोडी धुरळा उडवत निघून गेली आणि झेंडीपाशी पोचली.

गर्दीत जो हशा उसळला तो तळ्याच्या पल्याड गेला असेल. आणि त्या हशात भाऊजी गुडघ्यावर उठले, मातीनं तोंड माखलेलं, खाली वाकून पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या गावासमोर, पाहुण्यांसमोर, सासरा होणाऱ्या माणसासमोर ओरडले, "हायेत! दोन्ही हायेत!"

लोकांना वाटलं, दात. पडल्यावर दात शाबूत आहेत म्हणतोय.

आता पुढची जोडी सोडायची तर हे उठायला तयार नाहीत. तिथंच मांडी घालून बसले. डोमाजी धावत गेले. "उठ बे केवळ! पट खोळंबला!"

"झेंडी लावा. मंग उठतो."

"लाल झेंडी लावाची नाई! पुन्हा भांडन होते!"

"त मंग पांढरी लावा."

आता पांढरं फडकं आणायचं कुठून? शोधाशोध सुरू झाली. ऊन कलू लागलं, पुढच्या जोड्या खुरांनी माती उकरू लागल्या, धुरकरी शिव्या देऊ लागले. पट थांबलेला श्रावणजींना कसा सहन व्हावा? जोडी हरली, वेळ गेला, दिवस वाया गेला, त्या सगळ्याचा संताप त्यांच्या डोक्यात गेला. ते तरातरा वाटेत शिरले, खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि भाऊजींच्या अंगावर फेकला. "हे घे! बांध काय बांधाचं थे, अन् उठ एकदाचा!"

आमच्याकडे सोयरीक पक्की झाली की मुलीचा बाप चारचौघांत मुलाला टोपी-दुपट्टा देतो. मुलीचा बाप, मुलगा, दुपट्टा आणि चारशे नाही चार हजार माणसं. भोंग्यावरच्या माणसाला दुरून जे दिसलं तेच तो बोलला. "लाखांदूरच्या पाहुण्यायनं आमच्या केवळरामले दुपट्टा देल्ला! सोयरीक पक्की!" टोप्या उडाल्या. डफडेवाल्यांनी वाट पाहिली नाही, लग्नाचा ठेका धरला.

"अजी नाई! अजी ऐका! चिमणीसाठी देल्ला म्या!" श्रावणजी हात हलवत होते. लोकांना वाटलं, नाचून राहिले पाहुणे. दोघं-तिघं त्यांच्यासोबत नाचायलाही लागले.

भाऊजी शांतपणे काठी शोधून आणत होते. त्यांनी दुपट्टा बांधला, काठी रोवली आणि बैल घेऊन घरी गेले. मग उरलेला पट त्या दुपट्ट्याच्या साक्षीनं झाला. प्रत्येक जोडी सुटली की गर्दी ओरडायची, "सोयऱ्याचा दुपट्टा सांभाळ बे!" आणि प्रत्येक धुरकरी तिथं जरासा बाजूनं जायचा. वाटीला कुणाचा पाय लागला नाही. ते मी बंडीवर चढून, शेवटपर्यंत उभी राहून पाहिलं. खाली बस म्हणायला कुणी उरलं नव्हतं.

घरी मात्र हवा गरम. श्रावणजी ओसरीवर बसलेले, चहा पुढं, पण हात लावायला तयार नाहीत. सासूबाई चौकटीला डोकं टेकून डोळे पुसताहेत. आमचे हे काहीतरी समजावताहेत. श्रावणजी म्हणाले, "नाई जी, नाई. लोकं काई बी म्हनोत. हरला असता त चालत होतं, म्या बी हरलो हाव. पन बैल मंधातच थांबते? ज्याचे बैल त्याचं ऐकत नाई, थो उद्या बायको-लेकरं कसा सांभाळन?"

तेवढ्यात माझ्या मागून, स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"बाबा, ऐकलं नाई असं कसं म्हनता?"

पंचफुला. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाहेर आली. "ह्यायनं त्यायले रोज तिथं थांबवलं. आज काठी नव्हती, फडकं नव्हतं, इतके लोकं बोंबलून राहिले होते, तरी थांबले. एवढं ऐकनारे बैल तुमच्याजवळ होते का कधी?"

श्रावणजी जुने धुरकरी. डोळे बारीक करून अंगणाकडे बघत राहिले, जणू ती धाव पुन्हा पाहत होते.

"नव्हते," ते शेवटी म्हणाले. मग बशी उचलली, थंड चहा एका घोटात संपवला. "दुपट्टा त गेलाच हाय माहा. आता टोपीचं पाहा म्हना."

सासूबाईंनी रडणं थांबवलं नाही, फक्त कारण बदललं. मी गोठ्याकडे पळाले. भाऊजी भुऱ्याच्या पायाला तेल चोळत होते. म्हटलं, "भाऊजी, जमलं!"

"काय?"

"लगन! तुमचं!"

त्यांनी भुऱ्याकडे पाहिलं, चांद्याकडे पाहिलं. "पोट्टी बैलायले भेत त नाई ना?" एवढंच विचारलं.

"बापाले भेत नाई, बैलायले काय भेते!" मी म्हटलं.

वैशाखात लग्न झालं. नवरी घेऊन येणारी बंडी चांद्या-भुऱ्यांनीच ओढायची, हा भाऊजींचा हट्ट. तळ्याकाठच्या पडीतातून वरात येत होती, डफडी वाजत होती, आणि त्या जागेपाशी बैल थांबले. काठी केव्हाच पडली होती. सगळी वरात हसायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "हाका गा, मुहूर्त चालला!" पण नवरीच उतरली. मुंडावळ्या बांधलेली, हळदीची, नवी नवरी बंडीतून खाली उतरली आणि त्या खुरापाशी जाऊन बसली. वाटी रिकामी होती. काठाचे खडे तेवढे जागच्या जागी. भाऊजी तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. आमच्या सगळ्यांचे कान टवकारलेले. आता हा माणूस बायकोशी पहिला शब्द काय बोलतो!

"उडाले," भाऊजी म्हणाले.

"कुठं?" ती म्हणाली.

त्यांनी वर बोट दाखवलं. तिनं वर पाहिलं आणि डोक्यावरचा पदर खाली पडला. म्हाताऱ्या ओरडल्या, "अवं माय, पदर घे!" दोघांपैकी कुणी ऐकलं नाही. तो बिनकामाचा वरून सुटला होता, शीळ घालत खाली येत होता, आणि ती दोघं तोंड उघडं टाकून बघत उभी होती. माझी वरात याच वाटेनं आली होती आणि तेव्हा मी बंडीच्या तळाशिवाय काही पाहिलं नव्हतं.

पुढं बैलांना ती खोडच लागली. धान नेताना, खत नेताना, डॉक्टरकडे नेताना, बंडी तिथं आली की थांबणारच. पंचफुलेला कळा सुरू झाल्या तेव्हाही थांबले. ती कळांमध्ये म्हणाली, "पाहून घ्या जी एकदा, त्याशिवाय हालत नाईत हे." भाऊजी उतरले, पाहिलं, "नाईत" म्हणाले, आणि बैल चालू लागले. पोरगा सानगडीला पोचल्यावर झाला, एवढीच देवाची कृपा.

मग भुऱ्या गेला. त्याच्यामागं वर्षभरात चांद्या. भाऊजी आठवडाभर जेवले नाहीत. पंचफुलेनं समजूत घातली, नवे बैल घ्या म्हणाली. ते नाही म्हणाले. शेतीला भावाची जोडी वापरू लागले आणि स्वतः फिरायला एक जुनी मोपेड आणली. मला वाटलं, चला, त्या जागेचं खूळ तरी संपलं.

तर यंदा, ही आत्ताची गोष्ट, मी धुऱ्यावर बसून अंगठा दाबत होते. रक्त थांबत नव्हतं. तोंडानं त्या पक्ष्याला शिव्या चालू होत्या. तेवढ्यात सानगडीच्या बाजारावरून मोपेड येताना दिसली. पुढं भाऊजी, मागं पंचफुला, तिच्या मांडीवर भाजीची पिशवी. पडीतात आली, मधोमध आली, आणि फटफट करून बंद पडली. बरोबर तिथंच.

"काय झालं जी भाऊजी?" मी ओरडले.

"प्लगमंदी कचरा आला वाटते, वैनी!"

ते गाडीपाशी वाकले. हातात ना पाना, ना फडकं. नुसते वाकून बसले. गाडीच्या पलीकडे पंचफुला उतरली होती. तिनं पिशवी खाली ठेवली, लुगडं सावरलं आणि पाय जपून टाकत, जमिनीकडे बघत चालू लागली. मला आठवलं, मागच्या माघातही कचरा इथंच आला होता. त्याच्या मागच्याही. अंगठ्याचं दुखणं विसरून मी उठून उभी राहिले.

पंचफुला एका जागी थांबली. वाकली. वर तो शीळ घालत खाली येत होता आणि भाऊजी प्लगवरून डोळे न उचलता, श्वास धरून, वाट बघत होते.

"हायेत!" ती ओरडली. "दोन्ही हायेत!"

ती येऊन मागं बसली. पहिल्याच पायडलला गाडी चालू झाली.